निकालाचा दुसरा दिवस

एखाद्या न्यायाधीशानं सरकारला खडसावलं की संध्याकाळपर्यंत कोणीतरी 'रामशास्त्री बाणा' हा शब्द काढतोच. वर्तमानपत्रात, बार रूममध्ये, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. मलाही तो शब्द आवडायचा. शाळेच्या गॅदरिंगमध्ये आम्ही नारायणरावाच्या खुनाचा प्रवेश बसवला होता. 'ध'चा 'मा' करणाऱ्या आनंदीबाईला पाठांतर भरपूर होतं, पण टाळ्या मात्र शेवटी दोन मिनिटं येऊन 'देहान्त प्रायश्चित्त' सुनावणाऱ्या रामशास्त्र्यांनी नेल्या. त्या टाळ्यांतच पडदा पडला.

गोची अशी की गोष्टीचा महत्त्वाचा भाग पडद्यामागेच राहिला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात खून झाला, रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली, बोट राघोबादादांकडे गेलं; आणि सत्तेवर राघोबादादाच होते. शास्त्रीबुवांनी पुणं सोडलं आणि वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. दादांनी प्रायश्चित्त काही घेतलं नाही. पुढे बारभाईंनी दादांना बाजूला सारलं, तेव्हा शास्त्रीबुवा न्यायासनावर परतले. संवाद बखरकारांनी नि नाटककारांनी रंगवले असतील, पण हा सांगाडा पक्का आहे, आणि त्यात पेशवाईच्या न्यायव्यवस्थेचं कौतुक करावं असं मला काही सापडत नाही. कौतुक आहे ते एका माणसाचं. खरं बोलल्यावर त्याला बिऱ्हाड हलवावं लागलं आणि धनी बदलल्याशिवाय परत येता आलं नाही, ही त्या व्यवस्थेची नामुष्की. आपण नेमकी तिचीच आरती ओवाळतो.

न्यायसंस्था स्वतंत्र आहे की नाही हे निकालपत्र वाचून कळत नाही, असं माझं मत होत चाललं आहे. निकालाच्या दुसऱ्या दिवशी न्यायाधीशाचं काय झालं ते बघावं.

रामशास्त्र्यांनंतर बरोबर दोनशे वर्षांनी दिल्लीत हा दुसरा दिवस अक्षरशः दुसऱ्या दिवशी उजाडला. केशवानंद भारती खटला तेरा न्यायमूर्तींपुढे अडुसष्ट दिवस चालला होता. २४ एप्रिल १९७३ रोजी सात विरुद्ध सहा अशा बहुमतानं निकाल लागला : संसदेला घटना दुरुस्त करता येईल, पण तिची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. सरन्यायाधीश सिक्री निवृत्तच होत होते. त्यांच्या जागी ज्येष्ठतेनं न्या. शेलट, नंतर हेगडे, नंतर ग्रोव्हर. तिघेही सरकारला न रुचलेल्या बाजूचे. २५ तारखेला जाहीर झालं की सरन्यायाधीश होणार ए. एन. राय, म्हणजे या तिघांच्या मागचे आणि निकालात सरकारच्या बाजूचे. तिघांनी राजीनामे दिले. लोकसभेत या निवडीचं समर्थन करायला पुढे आले मोहन कुमारमंगलम. त्यांच्याकडे खातं पोलादाचं होतं, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो. घटनेचा एक शब्दही न बदलता देशातल्या प्रत्येक न्यायाधीशाला निरोप पोहोचला होता.

तीन वर्षांनी तो निरोप कसा वाचला गेला ते दिसलं. आणीबाणीत मिसा या विनाचौकशी स्थानबद्धतेच्या कायद्याखाली डांबलेल्यांना न्यायालयात दाद मागता येईल का, असा प्रश्न होता. नऊ उच्च न्यायालयांनी 'येईल' म्हटलं, त्यात मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठही होतं. सर्वोच्च न्यायालयात न्या. एच. आर. खन्नांनी ॲटर्नी जनरल नीरेन डे यांना विचारलं, की एखाद्या पोलिसानं वैयक्तिक दुष्मनीतून कोणाचा जीव घेतला तर काय? आणीबाणी आहे तोवर त्यावरही इलाज नाही, असं उत्तर आलं. भर न्यायालयात, पाच न्यायमूर्तींसमोर. २८ एप्रिल १९७६ रोजी त्यातल्या चौघांनी सरकारचं म्हणणं मान्य केलं, एकट्या खन्नांनी विरोधी निकाल लिहिला. निकालाआधी ते बहिणीला म्हणाले होते की यापायी आपलं सरन्यायाधीशपद जाईल. जानेवारी १९७७ मध्ये ते गेलंच. खन्नांना डावलून बेग सरन्यायाधीश झाले आणि खन्नांनी राजीनामा दिला.

त्या चौघांत आपल्या पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. जनता सरकार आल्यावर, १९७८ मध्ये, ते सरन्यायाधीश झाले आणि सात वर्षांहून अधिक काळ त्या पदावर राहिले; एवढा काळ आजवर कोणालाच मिळालेला नाही. त्यांना हे पद देऊ नये म्हणून मुंबईतल्या नामवंत वकिलांनी नि नागरिकांनी निवेदन काढलं होतं. नव्या सरकारनं ते मानलं नाही, आणि माझ्या मते बरोबर केलं. नावडता निकाल दिला म्हणून ज्येष्ठता डावलायची, हा इंदिरा गांधींचा नियम फक्त उलट्या दिशेनं चालवला असता तर नियम इंदिरा गांधींचाच राहिला असता. त्या १९७६ च्या निकालाला चूक ठरवून मोडीत काढलं ते ऑगस्ट २०१७ मध्ये, नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं, आणि ते लिहिणाऱ्यांत यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. एकेचाळीस वर्षांनी. दरम्यान खन्नांची तसबीर सर्वोच्च न्यायालयाच्या एका दालनात लागली होती. तसबिरी लावण्यात आपला हात कोणी धरणार नाही.

खन्नांचं नाव निदान राहिलं. आणीबाणीतले बारके हिशेब कोणाला आठवतात? पत्रकार कुलदीप नय्यर यांच्या अटकेविरुद्धचा अर्ज दिल्ली उच्च न्यायालयात न्या. रंगराजन आणि न्या. अगरवाल यांनी ऐकला आणि निकाल सरकारच्या विरोधात दिला. रंगराजन गुवाहाटीला गेले. अगरवाल अतिरिक्त न्यायाधीश होते, म्हणजे ठरावीक मुदतीपुरते नेमलेले, त्यांना कायम केलं नाही. पुन्हा सत्र न्यायाधीश म्हणून खाली धाडलं. मुंबईत न्या. यू. आर. लळित, तेही अतिरिक्त न्यायाधीश, तेही कायम झाले नाहीत. पुन्हा वकिली करू लागले. त्यांचे चिरंजीव पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले म्हणून आज ही हकीकत सांगितली जाते, एरवी ती त्यांच्या सोलापूरच्या बार रूमपुरतीच राहिली असती. एकूण सोळा उच्च न्यायालयीन न्यायाधीशांच्या बदल्या तेव्हा झाल्या. कोणाला तुरुंगात टाकलं नाही, कोणाचा पगार कापला नाही. एक पाकीट यायचं, त्यात दुसऱ्या गावाचं नाव असायचं.

यातून धडा घेऊन सर्वोच्च न्यायालयानं १९९३ आणि १९९८ मध्ये नेमणुका नि बदल्यांचा अधिकार ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या मंडळाकडे, म्हणजे कॉलेजियमकडे घेतला. संसदेनं त्याऐवजी न्यायिक नियुक्ती आयोग आणला, तो ऑक्टोबर २०१५ मध्ये चार विरुद्ध एक मतानं रद्द झाला. तेव्हापासून आपल्याकडची चर्चा एकाच खुंटीला बांधलेली आहे : कॉलेजियम हवं की आयोग? म्हणजे छडी कोणाच्या हातात असावी? छडी असावीच का, ही पुढची पायरी आहे आणि तिथे कोणी चढत नाही.

छडी तशीच आहे, आता ती दोन हातांनी धरली जाते एवढंच. न्या. अकिल कुरेशी गुजरात उच्च न्यायालयातले. २०१० मध्ये अमित शहांना सीबीआय कोठडी देणारा आदेश त्यांचा होता. २०१८ मध्ये, आपल्याच न्यायालयात सर्वांत ज्येष्ठ होऊ घातले असताना, त्यांची मुंबईला बदली झाली. पुढच्या वर्षी कॉलेजियमनं मध्य प्रदेशच्या मुख्य न्यायमूर्तिपदासाठी त्यांची शिफारस केली. सरकारनं फाइल दाबून ठेवली, मग कॉलेजियमनंच शिफारस बदलून त्यांना त्रिपुराला धाडलं. सर्वोच्च न्यायालयात ते पोहोचले नाहीत. न्या. मुरलीधर यांनी २६ फेब्रुवारी २०२० रोजी दिल्ली दंगलीच्या प्रकरणात पोलिसांना धारेवर धरलं आणि त्याच रात्री त्यांच्या पंजाब-हरियाणाला बदलीची अधिसूचना निघाली. शिफारस आधीची होती, हे खरं. ती नेमकी त्या रात्री का जागी झाली, हे कोणी सांगितलं नाही. सांगण्याचं बंधनच नाही. 'न्यायदानाच्या हितासाठी' एवढ्या एका वाक्यावर माणसाचं घर, मुलांच्या शाळा आणि उरलेली कारकीर्द हलते. साध्या तलाठ्याची मुदतीआधी बदली करायची तर महाराष्ट्राच्या कायद्यात कारण लेखी नोंदवावं लागतं. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला तेवढंही नको?

आता एक अडचणीचं उदाहरण घेतो, कारण सोयीची उदाहरणं सगळेच देतात. जानेवारी २०२१ मध्ये नागपूर खंडपीठात न्या. पुष्पा गनेडीवाला यांनी पोक्सो या बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या एका प्रकरणात निकाल दिला की त्वचेचा त्वचेला स्पर्श झाला नसेल तर तो त्या कायद्याखालचा लैंगिक हल्ला ठरत नाही. निकाल चुकीचा होता. मला तो वाचताना संताप आला होता, आजही येतो. सर्वोच्च न्यायालयानं त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो रद्द केला, आणि हाच त्यावरचा योग्य इलाज होता. पण त्या अतिरिक्त न्यायाधीश होत्या. त्यांना कायम करण्याची शिफारस कॉलेजियमनं केली होती, ती मागे घेतली. दोन वर्षांऐवजी एकच वर्ष मुदतवाढ मिळाली. ती संपताना, फेब्रुवारी २०२२ मध्ये, त्यांनी राजीनामा दिला. पेन्शनसाठी त्यांना ज्या न्यायालयात बसत होत्या तिथेच याचिका करावी लागली.

अनेकांना यात न्याय झाला असं वाटलं. मला नाही वाटत. अगरवाल आणि लळित यांना ज्या दारातून बाहेर काढलं तेच हे दार, फक्त या वेळी बाहेर जाणाऱ्याबद्दल आपल्याला सहानुभूती नव्हती. निकाल चुकला तर अपिलात निकाल पाडा. न्यायाधीशाला पाडलं की पुढच्या खुर्चीवरचा माणूस कायदा कमी वाचतो नि वारा जास्त बघतो. अतिरिक्त न्यायाधीश ही घटनेतली तरतूद तुंबलेली कामं उपसण्यासाठी, तात्पुरत्या भरतीसाठी होती. आपण तिची उमेदवारी करून टाकली. ती बंद करावी, या मतावर मी आता आलो आहे.

नागपूरचंच दुसरं. १४ ऑक्टोबर २०२२ रोजी न्या. रोहित देव यांच्या खंडपीठानं माओवाद्यांशी संबंधाच्या आरोपात शिक्षा झालेले प्रा. साईबाबा आणि इतरांना सोडण्याचा आदेश दिला, कारण यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली खटला चालवायला लागणारी मंजुरी कायद्याप्रमाणे घेतली नव्हती. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सर्वोच्च न्यायालयात खास बैठक बसली आणि आदेशाला स्थगिती मिळाली. पुढच्या ऑगस्टमध्ये न्या. देव यांनी भर न्यायालयात राजीनामा जाहीर केला. कोणाला कठोर बोललो असेन तर माफ करा, स्वाभिमानाविरुद्ध काम करता येणार नाही, अशा अर्थाचं बोलून उठले. दोन गोष्टींचा संबंध जोडायला माझ्याकडे पुरावा नाही, मी जोडत नाही. पण मार्च २०२४ मध्ये त्याच खंडपीठाच्या दुसऱ्या दोन न्यायमूर्तींनी सगळं नव्यानं ऐकून पुन्हा निर्दोष सोडलं. नव्वद टक्के अपंग असलेला तो माणूस दरम्यान तुरुंगात होता. सुटल्यावर जेमतेम सात महिने जगला.

'स्वातंत्र्य ठीक आहे हो, पण माझा दावा वीस वर्षं चाललाय, त्याचं काय?' असं लोक विचारतात तेव्हा म्हणूनच मला वाटतं, की हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. नावं दाबून ठेवली की जागा रिकाम्या राहतात. मुंबई उच्च न्यायालयात ९४ पदं मंजूर आहेत, ती सगळी भरलेली मी तरी पाहिली नाहीत. जागा रिकाम्या की तारखा लांबतात, आणि लांबलेली तारीख नेहमी बळकटाच्या सोयीची असते. दहा लाख लोकांमागे पन्नास न्यायाधीश हवेत, असं विधी आयोगानं १९८७ मध्ये सांगितलं. अजून त्याच्या निम्म्यावरही आपण पोहोचलेलो नाही.

छडीसारखाच पेढाही असतो. लोकमान्यांच्या १८९७ च्या राजद्रोह खटल्यात जामिनासाठी उभे राहिलेले वकील दिनशा दावर, आणि १९०८ मध्ये त्यांना जामीन नाकारून सहा वर्षं काळ्या पाण्याची सजा देणारे न्यायमूर्तीही दावरच. पुढे ते 'सर' झाले. मुंबई उच्च न्यायालयातल्या त्या दालनाबाहेर आज फलक आहे तो टिळकांच्या उद्गारांचा, १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागलांनी लावलेला. स्वराज्यात 'सर' होत नाहीत, पण बहरुल इस्लाम राज्यसभेतून न्यायाधीश झाले, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९८३ मध्ये राजीनामा देऊन राज्यसभेत परतले. रंजन गोगोई नोव्हेंबर २०१९ मध्ये निवृत्त झाले आणि मार्च २०२० मध्ये खासदार. मधल्या काळात काँग्रेस गेली, भाजप आला, पेढ्याचा खवा तोच. निवृत्तीनंतर काही वर्षं सरकारी पद घ्यायचं नाही, एवढा साधा नियम कोणत्याच पक्षाला नको आहे, कारण प्रत्येकाला कधीतरी आपलं सरकार येईल अशी आशा असते.

यावर हमखास विचारतात, की मग न्यायाधीशांना मोकाट सोडायचं का? दिल्लीत न्या. वर्मांच्या बंगल्यात मार्च २०२५ मध्ये आग लागली आणि जळालेल्या नोटा दिसल्या, त्याचं काय? आधी काय झालं ते आठवा : त्यांची अलाहाबादला बदली झाली. तिथल्या बार असोसिएशननं आम्ही काय कचराकुंडी आहोत का, असं विचारलं. अगदी बरोबर विचारलं. निर्भीड माणसाला शिक्षा म्हणून बदली आणि संशयितावर पांघरूण म्हणूनही बदलीच. भ्रष्टाचाराचा आरोप असेल तर चौकशी करा, उघड करा, सिद्ध झाला तर काढून टाका. बदलीनं दोन्हीपैकी काही साधत नाही.

हे सगळं झालं मोठ्या न्यायालयांचं. पण सर्वसामान्य माणूस आयुष्यात एकदा न्यायाधीश बघतो तो तालुक्याला. वडिलोपार्जित बांधाच्या दाव्यासाठी मी काही वर्षं एका तालुका न्यायालयात जातोय. तिथे दिवाणी आणि फौजदारी एकाच खुर्चीत बसतं, त्यामुळे आमच्या पुकाऱ्याआधी रिमांडची कामं उरकतात. एकदा दोन पोरं आणली होती, विहिरीवरची मोटर चोरल्याचा आरोप. पोलिसांनी पाच दिवसांचा पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, मागितला. खुर्चीत एक तरुण मॅडम होत्या.

"मोटर जप्त झाली ना?"

"झाली."

"घेणारा मिळाला?"

"मिळाला मॅडम."

"मग पाच दिवस काय शोधणार?"

हवालदार कागद चाळू लागला. मॅडमनी ठरलेला प्रश्न पोरांना विचारला, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? रोज विचारतात, रोज उत्तर येतं, नाही. धाकट्यानं मान हलवली, पण हलवण्याआधी हवालदाराकडे बघितलं. मॅडमनी त्याला पुढे बोलावलं, सदऱ्याची बाही वर करायला सांगितली, काही बोलल्या नाहीत, लिहीत राहिल्या. पुन्हा वैद्यकीय तपासणी आणि एमसीआर, म्हणजे पोलिसांऐवजी न्यायालयीन कोठडी. दोन मिनिटांचं काम. घटनेतलं जीविताच्या नि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचं एकविसावं कलम मी त्याआधी पुस्तकात वाचलं होतं, त्या दिवशी बघितलं.

बाहेर टपरीवर आमचे वकील चहा पीत होते. मी कौतुक केलं. ते म्हणाले, "नव्या आहेत. शिकतील."

काय शिकतील, ते मी पुढे त्यांच्याकडूनच शिकलो. जामीन नाकारला तर कोणी काही विचारत नाही, वरचं न्यायालय देईल. दिला तर मात्र निनावी अर्ज जाऊ शकतो. गोपनीय अहवाल असतो, बदल्यांचा मोसम असतो, नवरा एका जिल्ह्यात आणि बायको दुसऱ्या. चुकीचा आदेश म्हणजे गैरवर्तन नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानं अनेकदा सांगितलंय. पण तालुक्यातल्या न्यायाधीशावर नियंत्रण उच्च न्यायालयाचं, आणि उच्च न्यायालय जसं सरकारकडे बघतं तसंच तालुका न्यायालय उच्च न्यायालयाकडे बघतं. देशातल्या कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश अजून दोषी ठरलेलेच नाहीत. त्यात कायद्यापेक्षा या बघण्याचा हात मोठा असावा, असा मला संशय आहे. निनावी अर्जाला केराची टोपली दाखवणं, आदेशावरून सुरू झालेल्या प्रत्येक चौकशीचं कारण लेखी असणं, बदलीचंही कारण लेखी असणं, याला घटनादुरुस्ती लागत नाही. उच्च न्यायालयांनी मनावर घेतलं तर एका परिपत्रकाचं काम आहे.

गेल्या तारखेला गेलो तेव्हा दारावरची पाटी बदललेली होती. मॅडमची तीन वर्षं पुरी झाली होती की नाही, मी काही मोजली नव्हती. शिरस्तेदाराला विचारलं, तो म्हणाला, रूटीन. टपरीवाल्यानं भुवया उडवल्या, पण तो सगळ्याच गोष्टींवर उडवतो. वकील दप्तर सोडत होते. म्हणाले, नवे साहेब आहेत, तुमचा बांध आता पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगावा लागणार, नकाशा आणलाय ना?